रत्नाकर अंधारात किती लांबून दिसतो

भागोजी मेस्त्रीने सांडशीतला लालभडक कोयता ऐरणीवर ठेवला, घण उचलला आणि मारायच्या आधी मला विचारलं, "येसू, तुझा भाचा अंधारात किती लांबून दिसतो?"

मी अजून सायकलही नीट टेकवली नव्हती. लग्नाच्या वरातीला गॅसबत्त्या किती लागतील, एवढंच विचारायला चार कोस पायडल मारत खैरोळीला आलो होतो. वरातीत डोक्यावरून नेतात त्या गॅसबत्त्या भाड्याने देणं हा माझा धंदा. नवरदेव माझा भाचा रत्नाकर, नवरी भागोजीची मुलगी इंदू, आणि लग्न पुढच्या बुधवारी.

"दिसतो म्हणजे कसा?" मी म्हटलं.

घण पडला. ठिणग्या माझ्या धोतरापर्यंत आल्या.

"म्हणजे असा, की काल आमच्याकडे कल्हईवाला आला होता, तो सांगत होता. दांडसरचा रत्नाकर पांचाळ त्या अणूच्या वीजघरात लागल्यापासून रात्री उजळतो. घरात दिवा लावायची गरज नाही. आई त्याच्या पाठीच्या उजेडात तांदूळ निवडते आणि मामा त्याच्यासमोर पंचांग उघडून बसतो. असल्या माणसाला मी पोरगी देतोय, तेव्हा विचारून ठेवलेलं बरं. किती लांबून?"

आता हे खरं, की बातमी मीच काढली होती. तीन आठवड्यांपूर्वी आमच्या गावच्या केशकर्तनालयात, दाढीला साबण लागलेला असताना. पंचांगाचा तपशील माझा. तांदळाचा नाही. तो वाटेत कुणीतरी घातला होता आणि चांगला घातला होता.

"थट्टा होती मेस्त्री."

"बरं. माझा मावसभाऊ तिथेच नळ बसवायला जातो. तो म्हणाला, रत्नाकरचा बॅज काळा आला. पोराला आतल्या कामावरून काढून भांडारात बसवलाय. हीपण थट्टा?"

ही थट्टा नव्हती. वीजघरात आत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बॅज असायचा. त्यात फोटोची फिल्म, काळ्या कागदात गुंडाळलेली. माणसाला न दिसणारे किरण लागले तर फिल्म काळवंडते. महिन्याअखेर साहेब लोक ती धुऊन बघतात. रत्नाकरची धुतली, तर काळीकुट्ट निघाली होती.

"पत्रिका वाटून झाल्यात," भागोजी म्हणाला. "तरी मोडीन. माझी एकुलती एक आहे. उद्या ये आणि खरं काय ते सांग. आणि येसू, टोपी मागे न सारता सांग."

आम्ही दोघं लहानपणी एकाच भट्टीवर लोहारकाम शिकलो. तो मेस्त्री झाला, मी उष्णतेला कंटाळून बत्त्यांच्या धंद्यात पडलो. थाप मारताना माझा हात आपोआप टोपीकडे जातो आणि टोपी मागे सारतो, हे तेव्हा जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक माझी बहीण, दुसरा हा.

"बाबा, कोयता गार झाला," आतून इंदूचा आवाज आला.

मी निघालो तर ती कुंपणाच्या कडेला घागर घेऊन उभी. मॅट्रिकपर्यंत शिकलेली, नाकासमोर बघून बोलणारी मुलगी.

"मामा, ते आजारी आहेत का? एवढंच सांगा."

"छे गं! ठणठणीत आहे."

ती माझ्या कपाळाकडे बघत होती. माझा हात टोपीवर होता. म्हणजे आता जगात तीन माणसं झाली.

खरं सांगायचं तर मला माहीतच नव्हतं तो आजारी आहे की नाही.

घरी आलो तर रत्नाकर मागल्या अंगणात फेऱ्या मारत होता. विहिरीपासून शेवग्यापर्यंत, शेवग्यापासून विहिरीपर्यंत. माझी बहीण, त्याची आई मनूआक्का, ताट घेऊन दारात. भावोजी, तेही आमच्यासारखे पांचाळच, गेल्यापासून ही दोघं माझ्याकडेच राहायची. मी लग्न केलंच नाही. दुसऱ्यांच्या वराती उजळता उजळता राहून गेलं.

"कालपासून घास खाल्लेला नाही ह्याने," आक्का म्हणाली. "तू सांग काहीतरी."

"मेस्त्री काय म्हणाले, मामा?"

"बत्त्या चार पुरतील म्हणाला."

"टोपी बघ त्याची," आक्का म्हणाली.

मग सगळं सांगितलं. रत्नाकर विहिरीच्या काठावर बसला. लगेच उठला. मीही उठलो. दोघं फिरायला लागलो तशी आक्का ताट झाकून आत गेली.

"रत्ना, एक विचारू? तुम्ही त्या इमारतीत नेमकं करता काय? मी एवढी वर्षं लोकांना सांगतोय, पण मला ठाऊक नाही."

त्याही स्थितीत तो हसला. आणि मग फिरता फिरता तासभर समजावत राहिला. फिटर होता, पण साहेबांनी सांगितलेलं सगळं डोक्यात पक्कं. मी मध्ये मध्ये इतके प्रश्न विचारले की त्याचं जरा लक्ष दुसरीकडे गेलं. सगळं ऐकून झाल्यावर मी म्हटलं, "म्हणजे अणू फोडायचे, उष्णता काढायची आणि तिच्यावर शेवटी पाणीच उकळायचं?"

"हो. वाफ होते, वाफेने चाक फिरतं, चाकाने वीज."

"पाणी तर आक्का रोज उकळते. ह्यासाठी एवढी भिंत बांधली?"

तो हसला नाही. शेवग्याला टेकून उभा राहिला. "मामा, मला उजळायची भीती नाही. ते तुमचं तुम्हाला लखलाभ. पण बॅज थट्टा करत नाही. फिल्म काळी झाली म्हणजे कुठेतरी मला लागलंय, आणि कुठे ते मला आठवत नाही. रक्त तपासलं, ते ठीक आलं. पण पुढे? लग्न करून त्या मुलीला..." त्याने शेवग्याची साल खरवडली. "आणि काळी झाली तीही धड नाही. गद्रे साहेबांनी मला उजेडावर धरून दाखवली. तिच्यावर बारीक जाळी उमटलीय. साहेब विचारतात, पांचाळ, तुमच्या घरात मासे धरायचं जाळं आहे का?"

"कसली जाळी?"

त्याने कोळशाने विहिरीच्या दगडावर काढून दाखवली. आडव्यात उभे, उभ्यात आडवे धागे, आणि एका टोकाला चुण्या, जशा पिशवीच्या तोंडाशी दोरा आवळला की पडतात तशा.

मी ते चित्र पाहिलं आणि म्हटलं, "बत्त्या पुसायच्या राहिल्यात," आणि आत गेलो.

आठ बत्त्यांच्या काचा पुसल्या. मग परत पहिलीपासून पुसल्या. आक्का म्हणाली, "मुलगा बाहेर जमीन झिजवतोय, भाऊ आत काचा झिजवतोय. मी एकटीने जेवू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलीच्या मागे माझा एक पत्र्याचा डबा बांधला आणि खैरोळी गाठली. भागोजी भट्टीसमोर, इंदू भात्याची साखळी ओढत होती. मी टोपी काढली आणि ऐरणीवर ठेवली.

"ही टोपी इथे. आता तुझ्यासमोर बोलतो."

"बोल."

"आधी अणू फोडतात कसा ते ऐक. युरेनियम नावाचा एक जड धातू आहे. त्याचा कण म्हणजे खाऊन खाऊन फुगलेला, आता उठवत नाही असा. त्याच्यावर एक बारकी गोळी सोडायची. न्यूट्रॉन म्हणतात तिला. ती त्याच्या पोटात शिरली की तो थरथरतो आणि मधोमध तुटतो. दोन तुकडे जोरात दोन दिशांना. तीच उष्णता. आणि तुटताना त्याच्यातून आणखी दोन-तीन गोळ्या सुटतात. त्या शेजारच्यांना लागतात, ते तुटतात, त्यांच्यातून..."

"थांब," भागोजी म्हणाला. "एकाचे दोन, दोनाचे चार. असं झालं तर दुपारपर्यंत आख्खं वीजघर आकाशात जाईल."

"म्हणून गोळ्या गिळणाऱ्या सळ्या ठेवतात मध्ये. सळी आत सारली की गोळ्या कमी, बाहेर ओढली की जास्त. एकामागे एकच लागली पाहिजे, असा हिशोब ठेवतात. शिवाय बॉम्बला लागतो तसला कसदार माल तिथे नसतोच. तू भाता ओढतोस, सोडतोस, तसंच."

"भाता मी ओढते," इंदू म्हणाली.

"तसंच, इंदू ओढते तसं. आता गंमत ऐक. तुटलेले तुकडे, सुटलेल्या गोळ्या, सगळं परत एकत्र करून तोललं, तर वजन पहिल्यापेक्षा थोडं कमी भरतं."

भागोजीने सांडशी खाली ठेवली. "येसू, मी चाळीस वर्षं लोखंड तापवतोय. तापवून ठोकलं की वजन घटतंच. वरची खपली उडते."

"खपली गोळा करून तोल. भरेल की नाही?"

"भरेल."

"ह्यात खपलीच नाही. जेवढं वजन हरवलं, त्याचीच उष्णता झाली. चिमूटभर हरवलं तरी आपलं गाव महिनाभर शिजवून खाईल."

माझा हात डोक्यावर गेला. टोपी नव्हती, तरी उघड्या डोक्यावर मागेपर्यंत फिरला. भागोजीने तो पाहिला आणि मान हलवली. मी घामाने भिजलो होतो. त्या भट्टीपाशी कोणाचाही हात डोक्यावर जाईल. पण हे सांगायची सोय उरली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी दहा वाक्यं सलग खरी बोललो होतो आणि ती माझ्या सगळ्या थापांपेक्षा मोठी थाप वाटत होती.

"पुढे सांगा ना," इंदू म्हणाली.

"पुढे सूर्य. तिथे उलटं. तिथे हलक्यात हलके कण, हायड्रोजनचे, एकमेकांत जुळून एक होतात. तिथेही वजन थोडं हरवतं, तिथेही उष्णता."

"हे बघ," भागोजी उसळला, "फोडलं तरी उष्णता, जोडलं तरी उष्णता? तू मला समजवायला आलास की चकवायला?"

"तू दोन तुकडे एक करतोस तेव्हा काय करतोस?"

"पांढरे होईपर्यंत तापवतो. मग घण."

"गार असताना जुळतात?"

"गार लोखंड जुळतं होय! उडून लागेल कपाळाला."

"तेच. ते कण एकमेकांना ढकलतात. जवळ यायलाच तयार नाहीत. म्हणून आधी अफाट तापवावं लागतं, कोटी-कोटी अंश, आणि वरून सूर्याच्या वजनाचा घण. मग ते जुळतात आणि घातल्याच्या कितीतरी पट परत देतात. माणसाला हे बॉम्बमध्ये क्षणभर जमलंय, चुलीत अजून नाही."

इंदूने साखळी सोडली. भट्टीतला आवाज खाली बसला. "मामा, जड फोडला की उष्णता, हलका जोडला की उष्णता. मग मध्ये कुणीतरी असा असेल की ज्याला फोडूनही काही नाही आणि जोडूनही काही नाही."

हाच प्रश्न मी आदल्या दिवशी रत्नाकरला विचारला नव्हता. त्याने आपण होऊन उत्तर सांगितलं होतं म्हणून बरं.

"आहे," मी म्हटलं. "जड सगळे तुटत तुटत त्याच्याकडे येतात, हलके जुळत जुळत त्याच्याकडे येतात. त्याच्यापाशी आलं की संपलं. मोठमोठे तारेसुद्धा जळत जळत त्याच्यापाशी येऊन विझतात."

"कोण तो?"

मी ऐरणीवर बोटाने वाजवलं. "लोखंड."

भागोजीने ऐरणीकडे पाहिलं. मग त्याने माझी टोपी उचलून बाजूला ठेवली, जसं काही ऐरणीवर कुणी टोपी ठेवणं त्याला आत्ताच खटकलं.

"हे खोटं असलं तरी चांगलं आहे," तो म्हणाला. "पण बॅज काळा का आला, ते ह्यात नाही."

"ते ह्या डब्यात आहे."

डबा उघडला. आत मेंटल होती, दोन डझन. गॅसबत्तीत टांगतो ती सुती जाळीची पिशवी. तोंडाशी दोरा आवळून बांधायची, पेटवली की राख होते आणि ती राखच पांढरीशुभ्र उजळते. तीस वर्षांत हजारो बांधली असतील मी. कोळशाने दगडावर काढलेली जाळी आणि चुण्या मी ओळखणार नाही तर कोण?

"रत्नाकरच्या फिल्मवर ही जाळी उमटलीय. त्याला घराच्या डागडुजीसाठी तीन आठवडे रजा होती. जाताना बॅज फाटकावर ठेवायचा, तो शर्टावर तसाच घरी आला. मी तो घेतला आणि ह्या डब्यात ठेवला. तीन आठवडे मेंटलना चिकटून पडला होता. रजा संपायच्या आदल्या दिवशी परत त्याच्या खिशात घातला. पोराला वाटलं खिशातच होता. त्याने गुपचूप नेऊन ठेवला, साहेबाला बोलला नाही. नोकरी जाईल म्हणून. पोराला काही लागलेलं नाही, भागोजी. ह्या मेंटलमध्येच काहीतरी असणार. लागलं ते बॅजला, आणि ते माझ्यामुळे."

"तू बॅज कशाला घेतलास?"

"असाच. चुकून."

हात डोक्यावर गेला.

"बघितलंस?" भागोजी मुलीला म्हणाला. "आता वातीतून किरण निघतात. उद्या म्हणेल, माझ्या सायकलीतून निघतात."

इंदूने एक मेंटल उचललं, उजेडावर धरलं, परत ठेवलं. "बाबा, खोटं आहे की खरं, ते बघता येईल. फोटोवाल्याकडून तसलीच फिल्म आणते, काळ्या कागदासकट. मामांच्या हातची नको. त्यावर ही सगळी मेंटल ठेवू, तुमच्या पेटीत, तुमच्या कुलपात. रविवारी धुऊन आणू."

भागोजीने विचार केला. मग एक बारकी सळी भट्टीत घातली आणि तिथल्या तिथे खिळा घडवला. डोकं मुद्दाम वाकडं ठेवलं. पाण्यात चर्र करून तो माझ्यासमोर धरला.

"हा खिळा मध्ये ठेवायचा. किरण असतील तर खिळ्याखाली अडतील. असा खिळा जगात दुसरा नाही. तुला बदलता येणार नाही, येसू."

रविवारपर्यंतचे दिवस कसे गेले ते विचारू नका. रत्नाकर अंगणात, मी ओसरीवर. आक्काने मांडवाच्या बांबूंना हातच लावू दिला नाही. म्हणाली, "आधी ठरू दे लग्न आहे की नाही." दोनदा मी रत्नाकरला सांगायला उठलो आणि दोनदा सुपारी कातरून परत बसलो. भागोजीला सांगितलं होतं ना, मग झालं, असं मनाला समजावत होतो. मन काही टोपी घालत नाही, त्यामुळे ही थाप आहे हे त्याला कळत नव्हतं.

रविवारी इंदू तालुक्याहून फिल्म धुऊन घेऊन आली. बापाच्या हातात दिली. भागोजीने ती दाराच्या उजेडात धरली.

काळी जाळी. मेंटलवर मेंटल पडल्याने काही ठिकाणी गच्च, काही ठिकाणी एकेक धागा मोजून घ्यावा इतकी स्वच्छ. आणि त्या काळ्या जाळीच्या मधोमध, कोरा, शांत, वाकड्या डोक्याचा खिळा.

भागोजी ती फिल्म कितीतरी वेळ खाली ठेवेना. "माझाच खिळा," तो म्हणाला. परत म्हणाला, "माझाच." मग माझ्याकडे वळला. "बुधवारी किती बत्त्या म्हणालास?"

मला एकदम भूक लागली. पण इंदू माझ्याकडे बघत होती.

"मामा, त्यांना काय वाटलं हे ऐकून? त्या दिवशी सांगितलंत तेव्हा?"

मी सुपारी शोधायला लागलो.

"तुम्ही त्यांना सांगितलंच नाहीत." ती सावकाश म्हणाली. "पाच दिवस. आपण मरणार का, हे मनात धरून तो माणूस अंगणात फिरतोय, आणि तुम्ही इथे येऊन आम्हाला सूर्य सांगता?"

"अगं, साहेबाला कळलं तर नोकरी..."

"कळू दे. साहेबांसमोर, त्यांच्यासमोर, तुमच्या तोंडाने. तोवर बुधवार नाही. बाबा हो म्हणाले तरी मी नाही."

भागोजीने फिल्म मुलीच्या हातात दिली आणि भट्टीकडे वळला. म्हणजे त्याचाही निकाल तोच होता.

सोमवारी सकाळी मी वीजघराच्या फाटकाशी उभा राहिलो. रत्नाकरला वाटेत सगळं सांगितलं होतं. ऐकल्यावर तो सायकलीवरून उतरला आणि उरलेली वाट चालत आला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझं नाव लिहून घेतलं आणि पाहुण्याचा बॅज माझ्या सदऱ्याला लावला. छातीच्या डाव्या बाजूला. मी मान खाली घालून त्याच्याकडे बघत बघतच आत गेलो. आत म्हणजे कचेरीपर्यंत. भिंतीच्या पुढे नाही.

गद्रे साहेब म्हणजे किरणांची तपासणी बघणारे, चष्मा कपाळावर चढवलेले, सडपातळ गृहस्थ. मी त्यांच्या टेबलावर मेंटल ठेवलं, शेजारी इंदूची फिल्म. त्यांनी दोन्ही पाहिलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला.

"थोरियम!" ते म्हणाले. "मेंटलमध्ये थोरियम असतं हो! म्हणूनच उजळतं इतकं. त्यातूनही किरण निघतात. मी आठ दिवस गावातली मासेमारीची जाळी तपासतोय." मग हसू आवरून गंभीर झाले. "जवळून गेलेल्या माणसाला ह्याने काही होत नाही. पण तीन आठवडे फिल्मला चिकटून ठेवलं तर फिल्म काय करणार? पांचाळ, बॅज फाटकाबाहेर नेलात, वर बोलला नाहीत. ह्याबद्दल लेखी ताकीद मिळेल. तब्येतीला काही झालेलं नाही. उद्यापासून कामावर या."

रत्नाकर खुर्चीची पाठ धरून उभा होता. त्याने डोळे मिटले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचे पाय एका जागी राहिले.

"पण मामा," साहेब माझ्याकडे वळले, "तुम्ही बॅज घेतलात कशासाठी?"

येताना तीन उत्तरं तयार करून आणली होती. एकात उंदीर होता, एकात आक्काचं सोवळं. हात वर गेला. टोपीला बोटं लागली, आणि तिथेच थांबली.

"साहेब, हे वीजघर झालं तेव्हा मी तीनदा अर्ज केला होता. शिपाई म्हणून. तिन्ही वेळा नाही आलं. गावात मी सांगत राहिलो की मला आतलं सगळं माहीत आहे. आतलं मी काहीच पाहिलेलं नाही. ह्याची रजा होती. तेवढे दिवस केशकर्तनालयात जाताना तो बॅज छातीला लावून जात होतो. घरी आलो की आक्काला दिसू नये म्हणून मेंटलच्या डब्यात ठेवायचो."

 साहेबांनी उठून खिडकी उघडली, बंद केली.

निघताना पहारेकऱ्याने हात पुढे केला. मी बॅज काढून दिला. बाहेर रस्त्याला लागल्यावर रत्नाकर सायकलीवर चढला नाही. माझ्या बरोबरीने चालत राहिला. अर्धा कोस झाल्यावर म्हणाला, "मामा."

"काय?"

"शोभला का तुम्हाला?"

मी म्हटलं, "तुझ्यापेक्षा."

बुधवारी दिवस मावळताना वरात निघाली, तर नवीनच पेच. खैरोळीत आता ही बातमी, की अणू नवऱ्यात नव्हे, येसू पांचाळाच्या बत्तीत आहे. बत्ती धरायला एक माणूस पुढे येईना. वाजंत्रीवाले चार पावलं लांब सरकले. नवरा-नवरी बैलगाडीत बसलेली, आणि समोर चार पेटलेल्या बत्त्या धुळीत. मग भागोजी मेस्त्रीने, नवरीच्या बापाने, डोक्याला पागोटं गुंडाळलं, पहिली बत्ती उचलून डोक्यावर घेतली आणि गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिला. त्याच्या मागोमाग बाकीच्या तिन्ही उचलल्या गेल्या.

मी त्याच्या शेजारून चालत होतो.

"येसू," तो मान न वळवता म्हणाला, "आता सांग. किती लांबून दिसतो?"

मी मागे वळून रत्नाकरकडे पाहिलं. इंदू त्याला काहीतरी सांगत होती आणि तो मुंडावळ्या सावरत हसत होता.

"तू बत्ती धरशील तेवढाच, मेस्त्री."

ह्याला तीस वर्षं होत आली. लग्नाच्या पुढच्या महिन्यात मला वीजघरातून एक पाकीट आलं होतं. गद्रे साहेबांच्या सहीचं. त्या दिवशी फाटकावर मला लावलेल्या बॅजची फिल्म त्यांनी धुऊन बघितली होती: श्री. यशवंत पांचाळ, किरणांची नोंद, शून्य. सरकारने मला दिलेला एकमेव कागद. भागोजीने तो वाचला आणि म्हणाला, "तुझ्यात काही नाही, हे मी त्यांना फुकट सांगितलं असतं."

तो कागद दाखवा म्हणता? तो आता नाही. उंदराने खाल्ला. टोपीवर हात? उकडतंय म्हणून. पण वाकड्या खिळ्याची फिल्म आहे, इंदूच्या घरी, खिडकीच्या काचेला लावलेली. जाऊन बघा. तिच्या घरात कुणी टोपी घालत नाही.